विमानाची चाकं तेल उचलतं, पण तेलाला कोण सांभाळतं?

तू लिहिलंस की दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच विमानात बसलीस, नागपूरहून पुण्याला, आणि पंखाजवळची खिडकी मिळाली. विमान अजून जागेवरच होतं आणि पायाखालून कुत्रं भुंकावं तसा आवाज यायला लागला. शेजारचे काका म्हणाले, "काई तरी तुटलं बाप्पा!" आणि तुझाही जीव घाबरला. तिथून तुला चार प्रश्न पडले: तो आवाज कशाचा, एवढी जड चाकं नुसतं तेल कसं उचलतं, हवेत असताना तेलाची नळी फुटली तर काय होतं, आणि आजच्या काळात हे सगळं विजेच्या मोटरवर का चालत नाही. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला हायड्रॉलिक्सचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा, पेपर आहे, पण पुस्तकातलं विमानाशी जुळत नाही, असंही तू लिहिलंस.

मी २६ वर्षं विमानांच्या देखभालीत आहे, आणि गेली बरीच वर्षं नागपुरात मिहानच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या मोठ्या शेडमध्ये. त्यामुळे सावकाश आणि नीट उत्तर देतो. आधीच एक सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते डोक्यात राहील. तेलाकडून ताकद काढणं हा या यंत्रणेतला सोपा भाग आहे. ते तेल स्वच्छ, थंड, हवेविना आणि वेगवेगळ्या घरांत वाटून ठेवणं हा अवघड भाग. आम्ही हँगरमध्ये जो घाम गाळतो तो जवळजवळ सगळा दुसऱ्या भागासाठी.

सोप्या भागापासून सुरुवात करू. वर्धा रोडवर कुठल्याही टायरवाल्याकडे जा आणि बाटलीसारखा दिसणारा जॅक बघ. ट्रकखाली लावण्याआधी दांडा हलवला तर तो लोण्यात सुरी फिरावी तसा फिरतो. तोच जॅक ट्रकच्या अ‍ॅक्सलला टेकला की दांडा जड होतो. तेल तेच, पिस्टन तोच, माणूसही तोच. मग दाब आला कुठून? ट्रकच्या वजनातून. पंप दाब देत नाही, पंप फक्त तेल पुढे ढकलतो. पुढे अडवणारं काही असेल तरच दाब चढतो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की तुझा निम्मा पेपर सुटला. हँगरमध्ये बिघाड शोधतानाही हीच कामाला येते. दाब कमी दिसतोय म्हणजे पंपच खराब, असं नसतं. कुठेतरी तेलाला पळायला मोकळी वाट मिळाली असेल तरीही दाब पडतो. नवीन मुलं पंप बदलून मोकळी होतात आणि दोष तसाच राहतो.

आता आकडे. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० मध्ये हायड्रॉलिकचा दाब ३००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर ३००० पौंड, असतो. तुझ्या घरच्या कारच्या टायरमध्ये ३२-३३ असतो, त्याच्या नव्वद पटीहून जास्त. आपल्या मापात सांगायचं तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण २११ किलो. ८ सेंटिमीटर व्यासाचा एक सिलिंडर धर, दुधाच्या मध्यम पातेल्याएवढाही नाही. त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केलास तर साडेदहा टन होतात. तीन-चार भरलेल्या बोलेरो पिकअप एका पातेल्यावर पेलल्यासारखं झालं. त्याच पिस्टनला मागच्या बाजूने ४ सेंटिमीटरचा दांडा जोडलेला असेल, तर त्या बाजूचं क्षेत्रफळ तेवढं कमी होतं आणि ताकद आठ टनांवर येते. म्हणजे एकच सिलिंडर ढकलताना जास्त आणि ओढताना कमी जोर लावतो. डिझाइन करणारा माणूस हे लक्षात घेऊनच ठरवतो की कुठलं काम ढकलून करायचं आणि कुठलं ओढून. परीक्षेत हा प्रश्न येतोच, नीट करून ठेव.

हे तेल ढकलणारा पंप इंजिनाच्या गिअरबॉक्सवर बसवलेला असतो. आत पिस्तुलाच्या चेंबरसारखा एक गोल ठोकळा फिरतो, त्यात बहुतेक वेळा नऊ छोटे पिस्टन, आणि त्यांची टोकं एका तिरप्या तबकडीवर घासत जातात. तबकडी जेवढी तिरपी तेवढा पिस्टनचा आत-बाहेर प्रवास मोठा, तेवढं तेल जास्त. दाब ३००० ला पोचला की एक छोटी झडप त्या तबकडीला जवळजवळ सरळ करते. ठोकळा फिरतच राहतो, पण पिस्टन फारसे हलत नाहीत आणि तेल जवळजवळ जात नाही. पायलटने चाकं वर घ्यायचा लिव्हर ओढला, तेल खर्च व्हायला लागलं, दाब जरासा पडला, की तबकडी पुन्हा तिरपी. ए३२० च्या इंजिनावरचा असा एक पंप मिनिटाला साधारण १४० लिटर तेल ढकलू शकतो. तू हाताने उचलू शकशील एवढा तो पंप. मी आजवर किती उघडलेले पाहिले त्याचा हिशोब नाही, तरी ती तबकडी हातात घेतली की थोडा वेळ बघत राहतो.

पंपाकडे तेल येतं ते रिझर्व्हॉयरमधून, म्हणजे टाकीतून. पुस्तकात ही टाकी उघड्या भांड्यासारखी काढलेली असते आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ तिथेच होतो. विमान ३५,००० फुटांवर गेलं की बाहेरचा हवेचा दाब जमिनीवरच्या पाव भागाच्या आसपास उरतो. टाकी उघडी असती तर पंपाने तेल ओढताना त्यात बुडबुडे झाले असते. ते बुडबुडे पंपात जाऊन फुटतात आणि धातू अक्षरशः कोरून काढतात. तसा पंप कानाने ओळखता येतो, आत खडे टाकून फिरवल्यासारखा वाजतो. म्हणून टाकीत इंजिनाकडून आलेली हवा भरून साधारण ५० पीएसआयचा दाब ठेवतात, म्हणजे तेल पंपाच्या तोंडाशी ढकललंच जातं.

टाकीची पातळी बघण्यातही एक मेख आहे. चाकं कुठल्या स्थितीत, पंखाच्या मागच्या कडेचे सरकते फ्लॅप कुठे, ब्रेकचा अ‍ॅक्युम्युलेटर भरलेला की रिकामा, यावर टाकीतलं तेल वर-खाली होतं, कारण बाकीचं तेल त्या सिलिंडरांमध्ये जाऊन बसलेलं असतं. मॅन्युअलमध्ये दिलेली स्थिती न करता नुसता काटा बघून तेल ओतलं तर टाकी गरजेपेक्षा जास्त भरते. मग सगळे सिलिंडर आपलं तेल परत देतात तेव्हा टाकीत जागा उरत नाही.

अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे एक जाड नळकांडं, एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन, मध्ये पिस्टन. तेल दाबलं जात नाही, वायू दाबला जातो, म्हणून साठवणूक वायूकडून करून घ्यायची. त्यात साधी हवा चालत नाही, कारण ऑक्सिजन आणि तेल दाबाखाली एकत्र आले तर भडका होऊ शकतो. ए३२० मध्ये सगळे पंप बंद असले तरी या साठवलेल्या दाबावर किमान सात वेळा पूर्ण ब्रेक दाबता येतो. रात्रभर विमान उभं राहतं, पार्किंग ब्रेक लागलेला राहतो, तोही याच्याच जोरावर.

आता तेल. तू 'तेल' म्हणालीस, आम्हीही बोलताना तेच म्हणतो, पण मोठ्या प्रवासी विमानात भरलेला द्रव खनिज तेल नसतो. तो फॉस्फेट एस्टर असतो, रंगाने जांभळा, जांभळाचा रस पातळ केल्यासारखा. स्कायड्रॉल हे त्याचं सगळ्यात ओळखीचं नाव. गरम ब्रेकवर खनिज तेलाची बारीक फवार उडाली तर ते भसकन पेटतं, हा सहज पेट घेत नाही. पेटतच नाही असं मात्र समजू नकोस. लहान विमानांत, हेलिकॉप्टरांत अजूनही लाल रंगाचं तेल असतं, आणि लाल-जांभळं कधी, कुठल्याही कारणाने एकत्र करायचं नाही.

का, ते मी नव्या मुलांना तोंडी सांगत नाही. काचेच्या दोन बाटल्या घेतो, एकीत जांभळं, एकीत लाल. जांभळ्यासाठी इपीआर रबराची ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी गोल कडी, लागते आणि लालसाठी नायट्राइलची. मी मुद्दाम उलट टाकतो. दोन्ही रिंगा काळ्या, एकाच मापाच्या, हातात घेऊन सांगता येत नाही कुठली कोणती. शुक्रवारी टाकतो, सोमवारी काढतो. जांभळ्यातली नायट्राइल फुगून बोटात मऊ लागते, नखाने दाबली तर ठसा उमटतो. लालमधली इपीआर तर एवढी सुजते की बाजूला नवी रिंग ठेवली तर दोन वेगळी मापं वाटावीत. कालपर्यंत ३००० पीएसआय अडवणारी रिंग ती हीच. ती बाटली एकदा पाहिलेला मुलगा पुढे आयुष्यभर पाकिटावरचा पार्ट नंबर वाचल्याशिवाय रिंग बसवत नाही.

जांभळ्याचा आणखी एक स्वभाव आहे, तो हवेतला ओलावा शोषतो. ओलावा शिरला की हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते झडपांच्या धारदार कडा खातं. म्हणून उघडलेला डबा 'अर्धा उरलाय, उद्या वापरू' म्हणून ठेवायचा नसतो. पावसाळ्यात तर नाहीच. अंगावर उडालं तर आग होते, डोळ्यात गेलं तर डोळा उघडवत नाही. मला एकदा गेलंय, भरपूर पाण्याने धुवत धुवत दवाखाना गाठला होता. त्या दिवसापासून चष्म्याशिवाय पॅनलखाली मान घालत नाही.

स्वच्छतेबद्दल मात्र जरा जास्त बोलणार आहे. पंखावरचे एलेरॉन, शेपटीचा रडर या विमान वळवणाऱ्या हलत्या पृष्ठभागांना हलवणाऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर एक सर्व्हो व्हॉल्व्ह असतो. पायलटने जेवढी हालचाल मागितली तेवढाच त्यातला बारीक दट्ट्या सरकतो आणि तेलाची वाट उघडतो. पृष्ठभाग हवा तितका वळला की तीच हालचाल परत येऊन दट्ट्याला मधोमध आणते आणि वाट बंद होते. पायलटच्या हाताची ताकद पंखापर्यंत जातच नाही, जाते फक्त त्याची मागणी. हे काम इतकं नाजूक की दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्याला दिसतच नाही असा धुळीचा कण तिथे दगडासारखा अडतो. म्हणूनच तेलाच्या वाटेवर फिल्टर असतात आणि फिल्टर तुंबायला लागला की त्याच्या डोक्यावरचं लाल बटण टपकन बाहेर येतं.

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं होती, नागपूर नव्हे, दुसरीकडे. मे महिना, दुपारी मोठी वावटळ आली. विमानाला बाहेरून दाब देण्यासाठी आमच्याकडे हायड्रॉलिक ट्रॉली होती. तिच्या नळीच्या तोंडावर एक टोपी असते, रबराची, काही रुपयांची. ती कुणीतरी काढून बाजूला ठेवली होती आणि नळी जमिनीवर तशीच पडली होती. संध्याकाळी मी ती उचलली, कपड्याने वरून पुसली आणि विमानाला जोडली. तासाभरात दोन फिल्टरांची लाल बटणं बाहेर. पुढचे दोन दिवस आणि दोन रात्री आम्ही ती पूर्ण यंत्रणा धूत होतो. तेल काढलं, नमुना प्रयोगशाळेत पाठवला, पुन्हा धुतली, पुन्हा नमुना. विमान उभं, प्रवाशांची उड्डाणं रद्द. टोपी काढणारा मी नव्हतो, पण नळी जोडणारा मीच होतो, आणि आत न बघता जोडली. जोडणीचं तोंड उजेडात धरून आत बघायला दहा सेकंद लागतात. आज माझ्या शिफ्टमध्ये एखादी टोपी नसलेली नळी दिसली तर ती आधी बाजूला काढली जाते, मग काम काहीही अडलेलं असो.

पंपाची तब्येतही आम्ही असंच बारीक बघून ओळखतो. पंपाच्या आतून थोडं तेल मुद्दाम पाझरू दिलेलं असतं, ते आतल्या भागांना वंगण आणि थंडावा देऊन परत टाकीकडे जातं. त्या परतीच्या वाटेवर वेगळा फिल्टर असतो. तो काढून पांढऱ्या कापडावर उलटा करायचा आणि टॉर्च तिरपी धरायची. थोडी करडी भुकटी चालते. सोनेरी चकाकी दिसली, बोटाला टोचणारे पापुद्रे लागले, की पंप आतून झिजतोय. त्या वेळी कॉकपिटमधला काटा अजून पूर्ण ३००० दाखवत असतो.

तेच परतीचं गरम तेल थंड करायचं कसं, हा नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. ७३७ मध्ये त्यासाठी उष्णता काढून घेणारी नळी थेट पंखातल्या इंधनाच्या टाकीत बुडवलेली असते. इंधन म्हणजे माठातलं पाणी, त्यात तेलाची नळी. पण टाकीत इंधनच कमी असेल तर नळी उघडी पडते. म्हणून जमिनीवर इलेक्ट्रिक पंप चालवायचा तर त्या बाजूच्या मुख्य टाकीत किमान ७६० किलो इंधन हवं, असा नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि विमानं उभी राहतात त्या अ‍ॅप्रनच्या काँक्रीटवर त्याहून जास्त धग असते. रिकाम्या टाकीच्या विमानावर 'दोनच मिनिटं पंप लावतो' म्हणणाऱ्याला मी हात जोडून थांबवतो. जास्त तापलेलं तेल पातळ होतं, सील कडक होतात, आणि ही बिघाडाची सुरुवात त्या दिवशी दिसत नाही, पुढे कधीतरी दिसते.

आता तुझं कुत्रं. ए३२० मध्ये तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा आहेत: हिरवी, पिवळी आणि निळी. हिरवीचा पंप एक नंबरच्या इंजिनावर, पिवळीचा दोन नंबरच्या, निळीचा विजेवर. तीन टाक्या, तीन जाळी, एकाचं तेल दुसऱ्यात जात नाही. पण हिरव्या आणि पिवळ्याच्या मध्ये पीटीयू नावाचं एक यंत्र आहे. ते समजायला शेतातल्या शेजारशेजारच्या दोन विहिरी डोळ्यांपुढे आण. माझ्या विहिरीचा पंप बंद पडला, पाणी मात्र भरपूर आहे. तुझा पंप चालू आहे. तुझ्या पाण्याच्या जोरावर एक चाक फिरवलं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्या विहिरीचा पंप जोडला. माझं पाणी वर आलं, तुझं एक थेंबही माझ्या शेतात आलं नाही. पीटीयू हेच करतो. दोन बाजूंच्या दाबात ५०० पीएसआयहून जास्त फरक पडला की तो आपोआप सुरू होतो, कमजोर बाजूला वर आणतो आणि थांबतो. पुन्हा फरक पडला की पुन्हा सुरू. हे झटकन सुरू, झटकन बंद, तेच ते भुंकणं. एक इंजिन चालू होऊन दुसरं सुरू होताना त्याची चाचणी आपोआप होते, आणि एकाच इंजिनावर विमान धावपट्टीकडे नेलं तरी तो वाजतो. तो बसवलाय चाकांच्या खोबणीच्या आसपास, म्हणून पंखाजवळ बसणाऱ्यांना नेमका ऐकू जातो. त्या काकांना सांग, तुटलं काही नव्हतं, एक यंत्रणा दुसरीला हात देत होती.

याच विहिरीच्या चित्रात एक धोकाही लपलाय. माझ्या विहिरीतलं पाणीच संपलं असेल तर? तुझं पाणी माझा पंप कोरडाच फिरवत राहील, तो तापेल, आणि तुझाही जोर वाया जाईल. म्हणून एका यंत्रणेचं तेल गळून गेलंय असं दिसलं की पायलट पीटीयू बंद करतो.

यातूनच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. नळी फुटली तर त्या रंगाची यंत्रणा जाते, बाकी दोन राहतात. रडरला तिन्ही यंत्रणा जोडलेल्या आहेत, बाकी मुख्य पृष्ठभागांनाही दोन-दोन मालक आहेत. ए३२० ची हिरवी यंत्रणा गेली तर चाकं तेलाने उतरवता येत नाहीत. पायलट एक दांडा फिरवतो, कुलपं सुटतात आणि चाकं आपल्या वजनाने खाली पडून अडकतात. ब्रेक पिवळ्यावर जातात. दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वीजही गेली तर पोटाखालून एक छोटा पंखा बाहेर पडतो, समोरच्या वाऱ्यावर फिरतो आणि निळ्या यंत्रणेला दाब देतो. १९८३ मध्ये एअर कॅनडाचं ७६७ हवेतच इंधन संपून गिमलीला उतरलं, तेव्हा पायलटच्या हातात जे नियंत्रण होतं ते अशाच पंख्याचं. वेग कमी होत गेला तसा त्याचा जोरही कमी होत गेला.

पण तीन यंत्रणा आहेत म्हणून निर्धास्त राहायचं नाही, हे आमच्या धंद्याने फार मोठी किंमत मोजून शिकलंय. १९ जुलै १९८९. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं. शेपटीतल्या इंजिनाची पुढची मोठी तबकडी फुटली आणि तिचे तुकडे गोळ्यांसारखे बाहेर पडले. त्या विमानातही तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या, तीन टाक्या होत्या. पण तिन्हींच्या नळ्या शेपटीत जवळजवळ होत्या. एकाच स्फोटात तिन्हींचं तेल वाहून गेलं. कॅप्टन आल हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातात स्टिअरिंग होतं, पण त्याला काहीच ऐकत नव्हतं. प्रवासी म्हणून बसलेले डीसी-१० चे प्रशिक्षक डेनी फिच कॉकपिटमध्ये आले आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून त्यांनी विमान वळवायला मदत केली. वाटेतल्या सू सिटीच्या विमानतळावर ते आदळलं. २९६ जणांपैकी ११२ गेले, १८४ वाचले. चौकशीत निघालं की ती तबकडी बनवताना टायटेनियममध्ये राहिलेल्या एका दोषातून तडा वाढत गेला होता, आणि तपासणीत तो पकडला गेला नव्हता.

मला या घटनेतली शेवटची ओळ सगळ्यात जास्त लागते. तडा होता, तपासणारी माणसं होती, दिसला नाही. त्याआधी १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सच्या ७४७ चंही असंच झालं होतं. मागच्या भिंतीची जुनी दुरुस्ती चुकीची होती, दोन ओळींच्या जागी एकाच ओळीतल्या रिव्हेटांवर भार आला होता. भिंत फुटली, शेपटीतून जाणाऱ्या चारही यंत्रणा गेल्या, ५२० माणसं गेली, चार वाचली.

सू सिटीनंतर डीसी-१० मध्ये अशी झडप बसवली की शेपटीत नळी तुटली तरी पुढच्या भागातलं तेल अडून राहावं. ब्रेकच्या नळ्यांमध्येही फ्यूज असतात, विजेच्या फ्यूजसारखेच. ठरलेल्यापेक्षा जास्त तेल एकदम वाहायला लागलं की वाट बंद. नव्या विमानांत तीन नळ्या शक्य तितक्या लांबून, वेगवेगळ्या बाजूंनी नेतात. पंखाचं पॅनल उघडून बघितलंस तर एक नळी पुढच्या कण्याला धरून जाते, एक मागच्या. ते अंतर नकाशा नीटनेटका दिसावा म्हणून ठेवलेलं नाही.

जमिनीवरचा धोका वेगळा, आणि तुझ्या वयाच्या मुलांना तो सांगितलाच पाहिजे. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर ३००० पीएसआयची धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. वरून छोटा ठिपका, आत तेल पसरलेलं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. गळती कधीही हाताने चाचपून शोधायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरायचा, तो ओला होतो ती जागा. आणि चाकांच्या दारांमध्ये डोकं घालायचं असेल तर आधी दाराच्या सिलिंडरवर सेफ्टी कॉलर आणि चाकांना लाल फीत लावलेल्या पिना आहेत का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दुसरा 'लावल्यात' म्हणाला म्हणून नाही. साडेदहा टनांचा हिशोब तू वर केलाच आहेस.

राहिला विजेचा प्रश्न. तुझी शंका बरोबर दिशेची आहे, आणि विमानं तिकडे चाललीही आहेत. ७८७ चे ब्रेक विजेवर चालतात. ए३८० मध्ये हायड्रॉलिकच्या दोनच यंत्रणा ठेवल्या आणि तिसरीच्या जागी वीज घेतली. मग पूर्ण वीज का नाही? एक कारण वजन. तेवढाच जोर लावणारी मोटर आणि तिचा गिअरबॉक्स सिलिंडरपेक्षा बोजड होतो, आणि पंखाच्या पातळ टोकाला जागाच नसते. दुसरं कारण मला जास्त पटतं. सिलिंडर बिघडला तर आतलं तेल एका बाजूकडून दुसरीकडे मोकळं सोडता येतं, मग शेजारचा सिलिंडर त्याच पृष्ठभागाला हलवू शकतो. गिअर आणि स्क्रू अडकले तर ते अडकलेच, शेजाऱ्यालाही हलू देत नाहीत. उलट दिशेने, वजन कमी करायला हायड्रॉलिकवाल्यांनी दाबच वाढवला. ए३८०, ए३५० आणि ७८७ मध्ये ५००० पीएसआय असतो. दाब जास्त म्हणजे पिस्टन लहान, नळ्या बारीक, तेल कमी. गळतीला आणि घाणीला मात्र ते तितकंच कमी माफ करतं.

आणि ए३८० मधला तो पृष्ठभाग हलवणारा विजेवरचा अ‍ॅक्च्युएटर उघडून बघशील तर आत काय आहे माहितेय? एक मोटर, एक छोटा पंप, मूठभर तेलाची छोटीशी टाकी आणि एक पिस्टन. लांबलांब नळ्या गेल्या, त्यांच्या जागी वायर आली. पिस्टनला ढकलणारं तेल मात्र तेच आहे, आणि त्याच्या ओ-रिंगचा पार्ट नंबरही तितकाच काळजीने वाचावा लागतो.